चौथ्या नंबरचा जन्मदाखला

“भाऊ हाय. पण लिवू नका,” शेजारच्या खुर्चीतली बाई टेक्निशियनला म्हणाली, आणि मुश्ताकच्या डोक्यात निकेशबद्दल तयार होत आलेलं मत अर्ध्यावर तुटलं. निकेश जुईखारच्या टीमचा कॅप्टन झाल्यापासून स्वतःलाच फार बोलिंग देतो, शेवटच्या ओव्हरला तर— इथपर्यंत ते आलं होतं. पुढचं गेलं. सुया टोचून झाल्या होत्या. डाव्या हातातून निघालेलं रक्त नळीतून मशीनकडे चाललं होतं आणि मशीन ते धुऊन परत पाठवत होतं. डायलिसिसच्या चार तासांतली ही पहिली दहा मिनिटं. ही तो नेहमी निकेशला देत असे, किंवा मॅनेजर बळीरामला, किंवा गेल्या वर्षी ठाण्याहून आणलेल्या शिट्टीवाल्या कोचला. बाकीचे तास मग आपोआप जात. आज टेक्निशियन नव्या बाईचा फॉर्म भरत होता. नाव जनी. गाव जुईखार. सोबत कोण? पोरगा, शिवा. अजून कोणी जवळचं, वेळप्रसंगी फोन करायला? त्यावर तिने ते उत्तर दिलं होतं, भाजीत मीठ घालू नका म्हणावं तितक्या साध्या आवाजात. दाराशी तिचा पोरगा उभा होता. अंगावर निथळणारा रेनकोट, हातात हेल्मेट. मुश्ताकने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. दारात तो कसा उभा राहतो हे त्याला माहीत होतं. वजन डाव्या पायावर, उजवा खांदा थोडा पुढे, बॉल यायच्या आधीच थोडा कंटाळलेला.

मुश्ताकने मनात संघ काढायला घेतला. एक. सलामीला पांडुरंगचा मोठा. डोळे बंद करून मारतो पण लागतं.

दोन. त्याचा भाऊ. डोळे उघडे ठेवतो म्हणून लागत नाही.

तीन. निकेश स्वतः, हट्टाने.

चार.

पाच. पाचव्याचं नंतर.

मुश्ताकची खुर्ची खिडकीची होती. तिसऱ्या मजल्यावरची ही खिडकी मिळवायला त्याला सात महिने लागले होते. एक पेन्शनर मास्तर गेले तेव्हा ती रिकामी झाली. खिडकीखाली हॉस्पिटलचं पार्किंग, मग भिंत, मग एक नाला, आणि नाल्यापलीकडे जुईखारचं मैदान. पनवेल वाढत वाढत या मैदानापर्यंत येऊन थांबलं होतं, का थांबलं होतं ते कोणाला माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये तिथे मैदान नसे, पाणी असे. मधोमध पिचची जागा तेवढी थोडी उंच, तिच्यावर बगळे. पावसाळा हाच खरा सीझन, असं मुश्ताकचं मत होतं, आणि हे मत तो पंचवीस वर्षं सांगत आला होता. जानेवारी ते मे नुसत्या मॅची होतात, टेनिस बॉलच्या, आठ-आठ ओव्हरच्या, लाउडस्पीकर लावून. टीम घडते किंवा मोडते ती पाणी साचलेलं असताना. कोणाचं लग्न ठरलं, कोणाला न्हाव्याशेव्याला नोकरी लागली, कोणाचं पोट सुटलं, कोणाचा कॅप्टनवरचा राग पाण्यासारखा जागच्या जागी साचून हिरवा झाला. हे सगळं जो पावसात ओळखतो त्याला जानेवारीत बघायला काही उरत नाही. कोच म्हणजे हरल्यावर सापडणारा माणूस. जिंकल्यावर तो फोटोत कडेला असतो. मॅनेजर म्हणजे ज्याच्याकडे जीप आहे तो. पंधरा वर्षं बळीरामकडे जीप होती, नंतर जीप गेली तरी तो मॅनेजर राहिला, याचं श्रेय मुश्ताक स्वतःकडे घेत असे. आणि बोलर— बोलरबद्दल तो जास्त बोलत नसे, बोलरला फक्त उन्हाळ्यात ओळखता येतं.

मुश्ताक पनवेलच्या मोहल्ल्यातला घड्याळवाला. जुईखारशी त्याचं काही नातं नव्हतं. नातं बळीरामशी होतं, शाळेतलं, एका बाकावरचं. मुश्ताक मस्कतला गेला तेव्हा बळीराम पत्रं लिहायचा, आणि पत्रांत घरची खुशाली दोन ओळी आणि मॅच तीन पानं. मस्कतच्या खोलीत, सहा माणसांच्या घामाच्या वासात, मुश्ताक ती पानं भिंगाखाली घड्याळ धरावं तशी वाचायचा. त्याने न पाहिलेल्या पोरांचे हात, खांदे, चुका त्याला पाठ झाल्या. एका पत्रात होतं: एक नवीन पोरगा आलाय, सतरा वर्षांचा, डावखुरा. आपल्या गावात डावखुरा कोण झालाच नाही, हा हात त्याने आजोळाहून आणलाय. पहिलटकरीण म्हणून आई जासईला माहेरी गेलेली, त्या वर्षी खाडीचा बांध फुटला, हा तिथेच मामाच्या माळ्यावर जन्मला, खाली कमरेइतकं पाणी. मामा डावा. तोच हात. मुश्ताकने हे पत्र फार वेळा वाचलं. परत आल्यावर त्याने शिवाला पहिल्यांदा खेळताना पाहिलं तेव्हा ओळख करून द्यावी लागली नाही. पुढे दर सीझनला उत्कृष्ट फलंदाजाला तो दुकानातलं एक भिंतीवरचं घड्याळ देऊ लागला. चार वर्षं ते शिवालाच गेलं.

“तुमची चार घड्याळं हायत घरात,” जनी त्याला म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात ते बोलू लागले होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, एकाच वेळेला, दोन खुर्च्यांत हातभर अंतर. न बोलणं जास्त कष्टाचं होतं. “चारी वेगळा टाइम दावतात. म्या कुठलं बंद नाय केलं. ज्या खोलीत जाल त्या खोलीचा टाइम.”

मुश्ताक म्हणाला की पाठवून द्या, दुरुस्त करून देतो, आणि मग दोघांनीही त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात दोन वर्षांपासून कापत होता. दुकान मुलगा फुजैल बघायचा, आणि तिथे आता मोबाइलची कव्हरं होती.

ती जुन्या पद्धतीने चौकशी करायची, कुटुंबाची, मुलांची, जेवणाची. पाणी किती पिऊ देतात हा तिचा आवडता विषय. दिवसाला दोन पेले, त्यात चहा धरून. जिच्या बापाने मिठागरात जन्म काढला तिला शेवटी मीठ आणि पाणी दोन्ही बंद झालं, असं ती सांगायची आणि हसायची, आणि हसताना तिचे कोरडे ओठ दातांना चिकटायचे. मुश्ताकही तोंडात बर्फाचा खडा धरून बसलेला असायचा. त्याला तिच्याशी बोलायला आवडू लागलं आणि हे आवडणं त्याला दमवू लागलं. पंचवीस वर्षं त्याने, आधी पत्रांत आणि मग मैदानावर, पोरांचं फूटवर्क पाहिलं होतं. पोरांना आया असतात हे त्याला कळत होतं, पण जसं प्रेक्षकांना घरं असतात हे कळतं तसं. मैदानाच्या बाहेरचं.

भावाचं त्याने विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं, एका गुरुवारी, मशीनचा गजर वाजून बंद झाल्यावर, काही कारण नसताना. येत्या रविवारी नारळी पौर्णिमा होती, कदाचित म्हणून.

“आठ वर्सं झाली. माझ्याच भावानं पोराचा घात केला, तर मी राखी बांधाया कुठल्या तोंडानं जाऊ. हिराजी नाव त्याचं. एकच हाय. दोन वर्सं तो येत र्‍हायला, दारात उभा र्‍हायचा, शिवा दार उघडीत नव्हता. मग त्यानं पन सोडलं.”

मुश्ताकच्या तोंडातला बर्फ संपला होता. त्याने विचारलं, घात म्हणजे काय केला.

ती त्याच्याकडे बघून म्हणाली, तुमाला म्हाईत नाय? तुमी तर होता तिथं.

तो होता तिथे. खिडकीतून दिसणाऱ्या याच पाण्याच्या जागी, फेब्रुवारीच्या धुळीत, एक गाव एक संघ स्पर्धेच्या फायनलला. त्या स्पर्धेत बाहेरचे खेळाडू आणता येत नसत, अकराच्या अकरा गावचेच पाहिजेत, आणि कोण गावचा यावरून दरवर्षी मारामाऱ्या होत म्हणून त्या वर्षी कमिटीने नियम काढला: जन्मदाखल्यावर गावाचं नाव पाहिजे. कमिटीतल्या कोणाच्या लक्षात आलं नाही की या भागात पहिलं मूल आईच्या माहेरी होतं. प्रत्येक घरातला थोरला कागदावर परगावचा. तसं पाहिलं तर सगळ्या टीमा अर्ध्या झाल्या असत्या. पण तक्रार झाल्याशिवाय कोणी दाखला बघत नव्हतं, आणि आपल्याही टीममध्ये थोरले असल्याने कोणी तक्रार करत नव्हतं. फायनलच्या आधी समोरच्या टीमने केली. एकाच नावाबद्दल. जासईहून दाखला काढून आणेपर्यंत मॅच दीड तास थांबवली, आणि मग लाउडस्पीकरवरून, ज्या आवाजात चौकार-षटकार सांगतात त्याच आवाजात सांगितलं गेलं की शिवा हा खेळाडू जासई गावचा असल्यामुळे बाद करण्यात येत आहे. लोक हसले. जासईचे काही जण आलेले होते, त्यांनी टाळ्या वाजवून त्याला आपल्या बाजूला बोलावलं. शिवाने बॅट खाली ठेवली. फेकली नाही, ठेवली, झोपलेल्या माणसाशेजारी ठेवावी तशी. चपला घातल्या आणि गेला. पुढच्या वर्षी तो नियमच काढून टाकला. शिवा परत आला नाही. द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात लागला. कंटेनर उचलून एकावर एक रचायची मोठी गाडी चालवतो. बळीराम म्हणायचा, हात वाया गेला. मुश्ताकही म्हणायचा, हात वाया गेला.

“दाखला कुठला हाय ते मामाबिगर कुनाला ठावं?” जनी म्हणाली. “त्याला शिवा जासईच्या टीममंदी पायजे व्हता. कवापास्न मागं लागलेला. गावात समदे बोलले, हिराजीनंच सांगितलं. मी भांडले. मग वाटलं, दुसरं कोन सांगनार?”

चार.

चार.

पहिल्यांदा त्याला आठवलं ते असं. मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर समोरच्या टीमचा एक माणूस होता, जांभळ्या शर्टातला. तो म्हणाला, तुमचा चार नंबरवाला भारी आहे. मुश्ताक म्हणाला, हात मामाचा आहे, मामा जासईचा. झालं. कोणीही कोणाबद्दल बोलतो तसं. कौतुक. शनिवारी दुपारी, सुया टोचत असताना, त्याने हे मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं आणि ते कुठे अडलं नाही. पंप फिरत होता. बळीरामचा फोन येऊन गेला होता. ठाण्याचा कोच या वर्षी येत नाही, गेला तर गेला, त्याची शिट्टीच जास्त खेळायची, पण आता कोच कोण? कमिटीत सगळ्यांचं एक म्हणणं आहे, शिवा. तो ऐकत नाही. म्हणतो ज्या ग्राउंडवर मला परगावचा म्हणून काढला तिथे मी पोरांना काय शिकवू, गाव सोडायला? तू सांगून बघ मुश्ताक, तुझ्या शेजारीच बसते त्याची आई, तुझं तो ऐकेल. तुझं सगळेच ऐकतात. मुश्ताकने सवयीने मत दिलं: चांगले खेळाडू चांगले कोच होत नाहीत, त्यांना स्वतःला कळत नसतं आपण काय केलं. आणि फोन ठेवल्यावर हे वाक्य त्याच्याच अंगावर आलं.

दुसऱ्यांदा आठवलं ते वेगळं होतं. जांभळा शर्ट म्हणाला होता, जुईखारला डावखुरा कुठून आला, तुमच्याकडे तर सगळे एकजात उजवे, आम्ही तीस वर्षं बघतो. आणि यात एक आव्हान होतं. तीस वर्षं बघतो म्हणणारा माणूस, आणि समोर मस्कतला बसून पत्रांतून पाहिलेला माणूस. मग मुश्ताकने सगळं सांगितलं. बांध फुटला, पाणी चढलं, माळ्यावर बाळंतपण, मामाचा डावा हात. बळीरामच्या पत्रातलं एकेक वाक्य. टपरीवरचे पाच-सात जण चहा हातात धरून ऐकत होते. तो छान सांगायचा. हेही खोटं नव्हतं.

डाव्या हातावरच्या फिश्च्युलावर त्याने उजव्या हाताची बोटं टेकवली. डॉक्टरांनी मनगटापाशी धमनी शिरेला जोडून दिली तेव्हापासून तिथे कातडीखाली एक थरथर सतत असे, लांबच्या मैदानातल्या गर्दीसारखी, कान लावला तर आवाजही येई. कापणारी बोटं आणि थरथरणारी शीर. कोण कोणाला हलवतंय कळत नव्हतं.

तिसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा आठवायला लागू नये म्हणून त्याने संघ काढायला घेतला. एक, दोन, तीन, पाच. सहा विकेटकीपर, हात चांगले, तोंड वाईट. सात—

फायनलच्या सकाळी नियम लाउडस्पीकरवर सांगितला होता. दोनदा. मुश्ताकने ऐकला होता. त्याने त्यावर बळीरामला मतसुद्धा दिलं होतं, की हा नियम मूर्खाने केलाय, थोरले सगळे उडतील, आपला शिवाच पहिला. म्हणजे त्याला माहीत होतं. टपरीवर गोष्ट संपली तेव्हा जांभळ्या शर्टाने चहाचा पेला खाली ठेवला आणि सहज विचारलं, म्हणजे जन्मच तिथला? त्यानंतर एक क्षण होता. बॉल हातातून सुटल्यावर आणि टप्पा पडायच्या आधी असतो तेवढा. त्यात बरंच काही करता येतं, चांगले फलंदाज करतात. मुश्ताकला म्हणता आलं असतं, छे, सुट्टीत जायचा मामाकडे. त्याला त्या क्षणी धोका दिसला, स्पष्ट, आणि धोक्याच्या पलीकडे ते पाच-सात चेहरे दिसले, आणि आपल्याला हे माहीत आहे, इथल्या कोणालाच माहीत नाही, ही गोडी जिभेवर आली. तो म्हणाला, तिथलाच.

आठ वर्षं त्याने हे आठवलं नव्हतं असं नाही. त्याने ते चुकीच्या नंबरावर पाठवलं होतं. तळाला, जिथे पाळी येत नाही.

आणि त्याला वाटलं होतं, एका माणसाचं क्रिकेट गेलं. वाईट झालं, पण क्रिकेटच. एका बाईचं माहेर गेलं होतं. एक म्हातारा दोन वर्षं बंद दारापुढे उभा राहिला होता. या आठ वर्षांत मुश्ताक निकेशच्या मनगटाबद्दल बोलत होता.

शनिवारी जनीचं मशीन त्याच्या आधी पाऊण तास सुरू झालं होतं, म्हणून ती आधी सुटली आणि वजन करायला बाहेर गेली. त्याची मुलगी रिदा नेहमीसारखी उशिरा येणार होती. तिची शाळा कळंबोलीला, आणि पुलाखाली पाणी. गेले तीन आठवडे असं झालं की शिवाच मुश्ताकचा हात धरायचा. सुई काढल्यावर त्या जागी दहा मिनिटं अंगठा दाबून ठेवावा लागतो, नाहीतर रक्ताची चिळकांडी उडते. दुसऱ्या हाताने स्वतःच दाबतात माणसं. मुश्ताकचा दुसरा हात कापायचा. पहिल्या दिवशी शिवाने विचारलंसुद्धा नव्हतं, आईचं झाल्यावर नवा हातमोजा चढवून स्टूल ओढलं आणि अंगठा ठेवला होता. डावा अंगठा. वीस-वीस टनांचे कंटेनर बोटभर फटीत ठेवणाऱ्या माणसाचा दाब, कमी नाही, जास्त नाही.

सिस्टरने सुई काढली. अंगठा आला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शिवा खिडकीबाहेर बघत नव्हता. तो कधीच तिकडे बघत नसे, पाठ करून बसायचा.

बळीरामचा फोन आलेला, मुश्ताक म्हणाला.

माहीत आहे, शिवा म्हणाला, माझं उत्तर तेच आहे, चाचा, तुम्ही नका दमवू स्वतःला.

इथे थांबता आलं असतं. शिवाने स्वतःच थांबायला जागा दिली होती. मुश्ताकला इतका थकवा आला की डोळे मिटले तर संध्याकाळ होऊन जाईल असं वाटलं. बाहेर जनी कोणाशी तरी वजनावरून वाद घालत होती, काटा खोटा हाय तुमचा.

“शिवा, तुझ्या मामानं नाही सांगितलं.”

“काय?”

“दाखल्याचं. त्या फायनलला. मी सांगितलं. टपरीवर, त्यांच्या माणसाला. हिराजीचा काही संबंध नाही.”

अंगठा तसाच राहिला. मुश्ताकचं सगळं लक्ष त्या अंगठ्याखाली गेलं. तिथे त्याचं रक्त बाहेर यायला धडका देत होतं आणि वर एक माणूस बसला होता ज्याला ते आता सोडून देता आलं असतं. शिवा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता. कापसाकडे पाहत होता. मुश्ताकने काही तरी अजून बोलायला सुरुवात केली, कौतुक करत होतो म्हणून, तुझ्या हाताचं कौतुक, आणि बोलताना त्याचा कोपर हलला.

“हलू नका,” शिवा म्हणाला.

चार वाजून चौदा. चार वाजून पंधरा. वॉर्डात पाच मशीनं पाच वेगळ्या लयीत चालली होती.

“नियम म्हाईत व्हता तुमाला? सांगताना?”

तो क्षण पुन्हा आला. तोच, तेवढाच. बॉल सुटलेला, टप्पा पडायचा. नाही म्हटलं असतं तर चूक झाली असती म्हातारपणी एका बोलघेवड्या माणसाच्या हातून, आणि चुकीला माफी असते. शिवाने प्रश्न असा विचारला होता की ‘नाही’ हे उत्तर त्यात आधीच ठेवलेलं होतं, उचलायचं फक्त.

“होता,” मुश्ताक म्हणाला.

 चार वीसला दहा मिनिटं झाली. शिवाने अंगठा उचलला नाही. चार बावीस. चार पंचवीस. दाब अगदी तसाच. रिदा आली, छत्री दारात ठेवून म्हणाली, अब्बा, सॉरी, पुलाखाली रिक्षा बंद पडली, आणि मग त्या दोघांकडे बघून तिथेच थांबली. चार सत्तावीसला शिवाने अंगठा हळूच उचलून पाहिलं. रक्त थांबलेलं होतं. त्याने नवा कापूस ठेवला, वर पट्टी लावली, घट्ट, हातमोजा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. हेल्मेट घेतलं. दारापर्यंत जाऊन परत आला, आणि मुश्ताकला वाटलं आता.

“मंगळवारी आईला लवकर आनतो,” तो म्हणाला. “तिला खिडकीची खुर्ची पायजे.”

रविवार गेला. पावसाने थोडी उघडीप दिली होती, मोहल्ल्यातून बाजाराकडे नारळांच्या हातगाड्या गेल्या. बळीरामचा फोन दोनदा आला, मुश्ताकने उचलला नाही. फुजैलने विचारलं अब्बा, टीमचं काय झालं, कोच कोण, आणि मुश्ताकला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मत नव्हतं. ती जागा रिकामी वाटली नाही. दुखत होती, दात काढल्यावर हिरडी दुखते तशी, आणि जीभ तिथेच जात होती.

मंगळवारी रिदाने त्याला पोचवलं तेव्हा खिडकीच्या खुर्चीत जनी होती. तिचं मशीन सुरू झालेलं होतं. तिच्याजवळ स्टुलावर शिवा नव्हता. एक म्हातारा होता, हाडकुळा, पांढरा सदरा, उजव्या मनगटात राखी, भिजून रंग उतरलेली. डाव्या हाताने तो पेल्यातला बर्फ चमच्याने काढून बहिणीच्या तोंडात घालत होता. म्हाताऱ्याने मुश्ताककडे एकदा पाहिलं, नीट, घड्याळात किती वाजले बघावं तसं, आणि पाठ केली. जनीने पाहिलंच नाही. मुश्ताक पलीकडे भिंतीकडच्या खुर्चीत बसला. इथून काही दिसत नव्हतं. भिंत, भिंतीवर किडनीचं चित्र, चित्रात किडनी लाल आणि सुखी.

चार तास ती एक शब्द बोलली नाही त्याच्याशी. भावाशी बोलली. जासईचं जुनं घर, खाडीतली कोळंबी, कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, कोणाची म्हैस. आठ वर्षांचं बोलणं ती एखाद्या हलक्या पिशवीतून काढल्यासारखी काढत होती, घाई न करता. तिची तहान मुश्ताकला इथपर्यंत ऐकू येत होती, शब्दांच्या मध्ये, जीभ टाळूला चिकटून सुटायची. त्याने संघ काढला नाही. ऐकत राहिला.

त्याची सुई काढायची वेळ झाली तेव्हा रिदा आलेली नव्हती. सिस्टर म्हणाली, मी धरते, काका. तो नको म्हणाला. उजवा हात आणून त्याने अंगठा कापसावर ठेवला. अंगठा कापत होता, बाजूने थोडं रक्त आलं, कोमट, मनगटावरून खाली गेलं. त्याने कोपर पोटाशी रोवला आणि जोर लावला. घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं.

“काय बघतीस गं?” हिराजीने बहिणीला विचारलं.

“ग्राउंडवर मान्सं हायत.”

“पान्यात?”

“पानी हायच की. मधल्या उंचवट्यावर पोरं उभी हायत पाच-सा. बगळं उडवलं त्यांनी. एक जन त्यांना बॉल मारतोय, ती धरतायत. पडतायत, उठतायत.”

“कोन मारतोय?”

“पाठ हाय इकडं. त्वांड नाय दिसत.”

मुश्ताकला उठून खिडकीशी जाता आलं असतं. पाच पावलं. अंगठा सोडल्याशिवाय नाही. त्याने अंगठा सोडला नाही. रक्त आता येत नव्हतं, किंवा येत असेल तर त्याला कळत नव्हतं. तो भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिला आणि कान खिडकीकडे दिले, मस्कतला पत्र फोडताना द्यायचा तसे.

जनीने तोंडातला बर्फ संपवला. मग मान न वळवता, काचेकडे तोंड करून म्हणाली, “डाव्या हातानं मारतोय.”

हिराजी तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. इतक्या मोठ्याने सांगायची काही गरज नव्हती.